टेक्सासचा ३३वा मतदारसंघ: खरा कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार कोणता होता?

ओसरी (धागाकर्ता)

टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, १५० सदस्य आहेत. त्यांची मुदत दोन वर्षांची, वेतन महिन्याला ६०० डॉलर, आणि नियमित अधिवेशन फक्त विषम सालांत, १४० दिवसांचे. एवढ्या अवधीत ही मंडळी शाळा, घरपट्टी, बंदुका आणि गर्भपात यांविषयी जे ठरवतात, त्याचा इथे राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यावर वॉशिंग्टनमधल्या पुष्कळ निर्णयांपेक्षा अधिक परिणाम होतो. तरीही आपल्यापैकी जे इथले नागरिक आणि मतदार झाले आहेत, त्यांच्या बोलण्यात अध्यक्षपदाखेरीज दुसरी निवडणूक क्वचितच येते, याची मला खंत वाटते. म्हणून एका मतदारसंघाचे उदाहरण चर्चेला घेतो.

रॉकवॉल काउंटी आणि कॉलिन काउंटीचा काही भाग मिळून ३३वा मतदारसंघ होतो. २०२४ साली तिथले विद्यमान रिपब्लिकन आमदार जस्टिन हॉलंड यांना स्वपक्षातूनच आव्हान मिळाले. आव्हान देणाऱ्या कॅटरिना पिअरसन २०१६ च्या ट्रम्प प्रचारमोहिमेच्या राष्ट्रीय प्रवक्त्या होत्या. ५ मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तिघांपैकी कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत आणि २८ मेच्या दुसऱ्या फेरीत हॉलंड हरले. अशा मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत सहसा पडत नाही, त्यामुळे खरा निकाल मे महिन्यातच लागला होता.

हॉलंड यांच्यावर मुख्यतः तीन ठपके होते. अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे प्रमुख कायदा अधिकारी) केन पॅक्स्टन यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने त्यांनी मे २०२३ मध्ये मत दिले होते. त्या दिवशी ठराव १२१ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला, म्हणजे ते एकटे नव्हते, पण पुढे राज्याच्या सिनेटने पॅक्स्टन यांना निर्दोष ठरवले. अर्धस्वयंचलित रायफल विकत घेण्याचे किमान वय २१ करणाऱ्या विधेयकाला त्यांनी समितीत पाठिंबा दिला. आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, शिक्षण विधेयकातून व्हाउचर योजना (मुलाच्या खासगी शाळेच्या खर्चासाठी पालकांना सरकारी पैसा) काढून टाकण्याची दुरुस्ती ८४ विरुद्ध ६३ मतांनी संमत झाली, तेव्हा डेमोक्रॅटांबरोबर मत देणाऱ्या २१ रिपब्लिकनांपैकी ते एक होते. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी त्यानंतर यांपैकी अनेकांच्या विरोधात उघड प्रचार केला आणि दुसऱ्या फेरीत पिअरसन यांना पाठिंबा दिला.

माझे म्हणणे व्हाउचरच्या मुद्द्यापुरते आहे. आपण 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला 'पुराणमतवादी' म्हणून मोकळे होतो, पण त्या शब्दाच्या मुळाशी जतन करणे आहे. टेक्सासच्या कितीतरी ग्रामीण काउंट्यांमध्ये सरकारी शाळा हीच सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था असते, शुक्रवारी रात्री सारे गाव तिच्याच फुटबॉलच्या मैदानाभोवती जमते, आणि तिचे मंडळ गावकरी स्वतः निवडून देतात. अशी संस्था राखू पाहणारा आमदार पक्षद्रोही ठरावा आणि सरकारी तिजोरीतून नवे अनुदान सुरू करू पाहणारा उमेदवार खरा कॉन्झर्व्हेटिव्ह ठरावा, हे मला पटत नाही.

निशिगंध

असहमत. जतन करायचे ते काय, यावरच आपला मतभेद आहे. मुलाच्या शिक्षणाचा पहिला अधिकार आईवडिलांचा, शासनाचा नंतरचा, हा या विचाराचा पाया आहे. शाळेची इमारत आणि मंडळ ही त्या अधिकाराची साधने आहेत. ज्याला परवडते तो कुटुंबासह चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेतो, आणि आपली बहुतेक मराठी कुटुंबे डॅलसजवळच्या फ्रिस्को किंवा प्लेनोमध्ये घर शोधताना हेच करतात, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. निवड आपण केलीच आहे, फक्त तिची किंमत घराच्या हप्त्यातून मोजली. ज्याची तेवढी ऐपत नाही त्याला तीच संधी देऊ पाहणाऱ्या उमेदवाराला परंपरेचा शत्रू म्हणणे अन्यायाचे आहे.

अ‍ॅबट यांनी भूमिका लपवली नव्हती. त्यांनी ती मतदारांसमोर नेली आणि मतदारांनी कौल दिला. नव्या सभागृहाने योजना संमत केली, ३ मे २०२५ रोजी तिच्यावर स्वाक्षरी झाली, आणि प्रतिनिधिगृहात तिच्या विरोधात मत देणारे रिपब्लिकन फक्त दोन उरले. लोकशाहीत याहून वेगळी कोणती रीत अपेक्षित आहे?

ओसरी

रीतीबद्दल माझे दोन आक्षेप आहेत. पेनसिल्व्हेनियातील गुंतवणूकदार जेफ यास यांनी अ‍ॅबट यांना डिसेंबर २०२३ मध्ये ६० लाख डॉलर दिले. रॉकवॉलच्या शाळेशी त्यांचा संबंध काय, हे मला कुणी सांगावे. दुसरे असे, की शिक्षकांच्या पगारवाढीचा आणि शाळांच्या वाढीव निधीचा प्रश्न २०२३ मध्ये व्हाउचरला बांधून ठेवला गेला आणि व्हाउचर पडल्यावर तोही बारगळला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे मिळणारी मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर थांबलेली होती. २०२५ मध्ये शाळांसाठी सुमारे साडेआठ अब्ज डॉलरचे विधेयक आले खरे, पण त्यातील पुष्कळसा पैसा पगार वगैरे ठरावीक कामांसाठी बांधलेला आहे आणि मूळ रकमेत वाढ झाली ती ५५ डॉलरची. दरम्यानच्या महागाईपुढे ती नगण्य आहे.

माळरान

मी पुण्यात असते आणि शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशांसाठी पालकांना अर्ज भरायला मदत करते, म्हणून या चर्चेत बोलण्याचे धाडस करते. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करायची, ही आपली तरतूद व्हाउचरची चुलत बहीणच म्हणावी लागेल. तरीही दोहोंत मोठा फरक आहे. आपल्याकडे कायदा शाळेला मूल नाकारू देत नाही आणि निवड सोडतीने होते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. त्या मधल्या काळात ज्या आया रोज कागदपत्रांची पिशवी घेऊन विचारायला येत होत्या, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

त्यामुळे निशिगंध यांना माझा साधा प्रश्न आहे. टेक्सासच्या योजनेत निवड पालक करतात की शाळा?

निशिगंध

माळरान, प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणार नाही. शाळेला प्रवेश नाकारण्याची मुभा आहे. धार्मिक शाळांनी सरकारी पैसा घेतल्याबरोबर त्यांच्या प्रवेशाचे आणि अभ्यासक्रमाचे नियम सरकारने ठरवावेत, ही भीती खरी असल्यामुळे ती मुभा मुद्दाम ठेवली आहे. मात्र योजनेतील प्राधान्यक्रमही पाहावा. पहिल्या टप्प्यासाठी एक अब्ज डॉलरची मर्यादा आहे. अर्ज जास्त आले तर अपंगत्व असलेली आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले आधी येतात, आणि दारिद्र्यरेषेच्या पाचपटीहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. एका मुलाला वर्षाला सुमारे १०,००० डॉलर मिळतील, तर अपंगत्व असलेल्या मुलाला ३०,००० पर्यंत. याला श्रीमंतांची योजना म्हणता येत नाही.

काळी माती

सगळेजण शाळेवरच थांबले आहेत, पण माझ्या दृष्टीने हॉलंड यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे मत बंदुकीच्या वयाचे होते. मी कॉलिन काउंटीतच राहतो. ६ मे २०२३ रोजी अ‍ॅलन येथील मॉलमध्ये गोळीबार होऊन आठ माणसे मारली गेली. त्यांत तेलंगणातून आलेली एक तरुण अभियंता होती, जिच्यासारख्या मुली आमच्या प्रत्येक कार्यालयात काम करतात. त्या शनिवारी आम्हीही तिथे जाणार होतो, आणि केवळ मुलाला ताप आला म्हणून घरी राहिलो. दोनच दिवसांनी समितीने ते विधेयक ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवले. बाजूने मत देणाऱ्यांत दोन रिपब्लिकन होते आणि हॉलंड त्यांतील एक. विधेयकाची मागणी करत महिनोन् महिने राजधानीच्या फेऱ्या मारणारे लोक टेक्सासमधल्याच युव्हाल्डी गावचे होते, जिथे २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिका १८ वर्षांच्या एका तरुणाच्या गोळ्यांना बळी पडल्या.

विधेयक पुढे सभागृहात चर्चेलाही आले नाही. जे कायदा झालेच नाही, अशा एका मताची किंमत म्हणून आमदारकी मागितली जात असेल, तर पुढचा आमदार समितीत हात वर करताना काय विचार करेल?

निशिगंध

काळी माती, आपल्या दुःखापुढे मी वादाच्या भाषेत बोलणार नाही. माझे मत एवढेच आहे, की १८ वर्षांचा नागरिक सैन्यात जातो, मत देतो, करार करतो, तर त्याचा एक संविधानदत्त अधिकार तीन वर्षे रोखण्याला भक्कम घटनात्मक आधार हवा, आणि तो मला दिसत नाही. टेक्सासने २०२१ पासून परवान्याविना पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली आहे. तिथल्या प्रायमरीतील मतदाराला हे मत खटकणारच होते, आणि त्याने तसे सांगणे गैर नाही.

पैलतीर

घरपट्टीचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण रॉकवॉलसारख्या ठिकाणी घरोघरी तोच बोलला जातो. टेक्सासमध्ये व्यक्तिगत आयकर नाही, आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीने तो लावण्याची वाटही बंद केली आहे, म्हणून बराच भार घरांवर येतो. राहत्या घरावरची शाळा-करातील सूट २०२३ मध्ये ४०,००० वरून १ लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने १ लाख ४० हजार. मी स्वतः त्याचा लाभार्थी आहे आणि कृतज्ञ आहे. मात्र शाळांचा जो महसूल यामुळे घटतो तो राज्याने तिजोरीतून भरून द्यावा लागतो, २०२३ मध्ये जवळपास ३३ अब्ज डॉलरची शिल्लक होती म्हणून ते सोपे गेले. कर कमी, शाळांना जास्त पैसे आणि शिवाय व्हाउचर, असे तिन्ही एकाच सभेत सांगणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला मी मंदीच्या वर्षातला हिशेब विचारेन.

ओसरी

पैलतीर यांच्याशी पूर्ण सहमत. निशिगंध यांनी दिलेला प्राधान्यक्रम मी पुन्हा वाचला आणि 'श्रीमंतांचे अनुदान' हा शब्द, जो मी इतरत्र वापरला आहे, तो मागे घेतो.

पण ३०,००० डॉलरच्या त्या आकड्याशी मी थांबलो. आमच्या शेजारच्या घरात एक स्वमग्न मुलगा आहे. सरकारी शाळेत संघीय कायद्यानुसार त्याच्यासाठी लेखी शैक्षणिक आराखडा होतो, आई दरवर्षी बैठकीला बसते, आणि शाळेने आराखडा पाळला नाही तर ती दाद मागू शकते. खासगी शाळेत पाऊल ठेवले की तो हक्क त्याच्यासोबत जात नाही, आणि शाळेने मध्येच त्याला नको म्हटले तर परत यायला तीच सरकारी शाळा असते. म्हणून हॉलंड यांचे ते मत मला अजूनही बरोबर वाटते. त्या आईने काय निवडावे हे मी ठरवणार नाही, पण तिच्यासमोर सही करायला कागद येईल तेव्हा त्यावर काय सुटते आहे, हे तिला कुणीतरी बसून समजावून सांगायला हवे, आणि ते काम मी या आठवड्यात करणार आहे.