मदत हवी आहे: तिकिटावर ‘व्हेनिस’, कंसात ‘रावेन्ना’. क्रूझ आता शहरातून जातच नाही का?

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत उरलेले पैसे भरायचे आहेत, म्हणून घाईत लिहितोय.

आई-बाबांच्या लग्नाला मे महिन्यात चाळीस वर्षं होतील. त्यानिमित्त त्यांच्यासाठी सात रात्रींची क्रूझ बुक केली, व्हेनिसहून ग्रीस आणि परत. बाबांची हौस एकच. आमच्या सोसायटीतले एक काका २०१३ साली अशाच बोटीवर गेले होते. त्यांचा फोटो आहे: काका डेकच्या कठड्याला टेकून उभे आणि त्यांच्या मागे, पार खाली, सॅन मार्कोच्या चौकात मुंग्यांएवढी माणसं. बाबा रिटायर झाल्यापासून तो फोटो मोबाईलमध्ये घेऊन फिरतायत. “शहरात नाही उतरलो तरी चालेल, पण असं वरनं बघायचंय.”

काल तिकीट आलं. बंदर व्हेनिस, आणि कंसात बारीक अक्षरात रावेन्ना. नकाशा उघडला तर रस्त्याने जवळजवळ दीडशे किलोमीटर! म्हणजे पुण्याचं तिकीट काढायचं आणि गाडी मुंबईला पकडायची. एजंट म्हणतो, “सर, सगळे त्याला व्हेनिसच म्हणतात.”

मोठ्या बोटींना आता व्हेनिसमधून जायला बंदी आहे म्हणतात, ती नेमकी कशावर आहे? दुसऱ्या कंपनीची बोट घेतली तर तो देखावा मिळेल का? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत, हेही लक्षात घेऊन सांगा. रद्द केलं तर पाव रक्कम बुडणार.

त्रिएस्तेकर: कंपनी बदलून उपयोग नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सॅन मार्कोसमोरून आणि शहराला लागून असलेल्या रुंद जुदेक्का कालव्यातून जायला मनाई आहे. २५,००० ग्रॉस टनांच्या वरचं, १८० मीटरपेक्षा लांब किंवा पाण्यावर ३५ मीटरपेक्षा उंच, यातलं एक जरी लागू झालं तरी प्रवेश नाही. इंधनातल्या गंधकाची अट वेगळी. भारतातून सर्रास बुक होणाऱ्या बोटी याच्या कितीतरी पुढे असतात. आता त्या मालामोक्कोच्या तोंडातून (समुद्रातून खाडीत शिरायची दुसरी वाट) आत शिरून मार्गेराच्या औद्योगिक बंदराला लागतात, नाहीतर रावेन्ना, त्रिएस्ते, मोनफाल्कोने. कंसातलं नाव वाचायचं ते यासाठी.

हे एका रात्रीत झालेलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीतल्या जिल्यो बेटापाशी कोस्ता कोंकॉर्दिया ही क्रूझ कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच मार्चमध्ये ४०,००० टनांची मर्यादा घालणारा हुकूम निघाला, पण ‘पर्यायी मार्ग मिळाल्यावर’ अशी मेख मारून. पर्याय काही मिळेना, बोटी चालूच. २ जून २०१९ ला एक अजस्र क्रूझ धक्क्यावर आणि तिथे बांधलेल्या पर्यटक बोटीवर आदळली, माणसं जखमी झाली. तरीही दोन वर्षं गेली. शेवटी युनेस्को व्हेनिसला ‘धोक्यातला वारसा’ ठरवणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा बैठकीच्या तोंडावर, जुलै २०२१ मध्ये सरकारने निर्णय घेतला.

उगाच_एक: २५,००० टन वजनाचं जहाज तरंगतं तरी कसं म्हणतो मी!

जुना_तारवटी (मडगाव): ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे हो, जहाजाच्या आतल्या जागेचं माप.

मी अशा बोटींच्या गॅलीत बरीच वर्षं काढली. त्या कालव्यातून किती वेळा गेलो, मोजलं नाही. पुढे टग (ओढणारी छोटी बोट), मागे टग, आणि बोट इतकी सावकाश की कांदा चिरताना कळायचंसुद्धा नाही. मधली सुट्टी झाली की मागच्या डेकवर यायचो. झात्तेरेच्या, म्हणजे कालव्याच्या शहराकडच्या काठाच्या, बाजूला एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालायची. आम्ही तिच्या छपराच्याही वर. आमच्यातला एक पोरगा तिला हात करायचा, ती वर बघायचीही नाही. एकदा आमची सावली तिच्या वाळवणावर पडली, तशी तिने दोरीवरचे सगळे कपडे गोळा केले आणि आत गेली. पुढच्या खेपेला तिच्या गच्चीच्या कठड्यावर मोठ्या जहाजांविरुद्धचा झेंडा होता. तुमच्या बाबांना हवा तो देखावा सुंदरच होता, खोटं कशाला बोलू. पण खालून आम्ही कसे दिसत असू, ते मला त्या दिवशी कळलं.

उगाच_एक: बोटी हाकलल्या, आणि आता शहरात शिरायलाही पैसे घेतात म्हणे.

त्रिएस्तेकर: दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून, ठरावीक दिवशी. एप्रिल २०२४ पासून. मुक्काम करणाऱ्यांना माफ, पण सवलतीचा क्यूआर कोड आधी काढून ठेवायचा. आणि हाकलल्या कुठे? मार्गेराला जाणारा तेलवाहू जहाजांचा कालवा खाडीचा तळ खरवडतो, अशी पर्यावरणवाल्यांची तक्रार आहेच. त्रास सॅन मार्कोसमोरून हलला, संपला नाही.

धागाकर्ते, तुम्ही क्रूझ रद्द करू नका. दोन दिवस आधी व्हेनिसला या. ट्रॉन्केत्तोहून २ नंबरची वापोरेत्तो पकडा. ही पाण्यातली सिटीबस समजा. ती साक्का फिसोला, झात्तेरे, रेदेन्तोरे करत जुदेक्का कालव्यातूनच सॅन मार्कोकडे जाते, म्हणजे काकांच्या बोटीचाच मार्ग. धक्का तरंगता असतो, आईंना चढउतार फार नाही. सॅन मार्कोसमोरच्या सान जॉर्जो बेटावर उतरा. तिथल्या चर्चच्या घंटाघराला लिफ्ट आहे. वर गेलात की समोर सॅन मार्को आणि माणसं मुंग्यांएवढी. बाबांचा फोटो तिथे काढा.

धागाकर्ता: लिफ्ट! आईला सांगितलं, तर तिने बाबांकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. बाबा थोडे हिरमुसलेत. तारवटीकाकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला, मग विचारलं, “त्या बाईचे कपडे परत धुवावे लागले असतील का रे?” पैसे भरतोय.

आता शेवटचं. रावेन्नाचं क्रूझ टर्मिनल शहरात नाही, बाहेर पोर्तो कोर्सीनीला आहे असं दिसतंय. ट्रेन मध्ये बदलावी लागते आणि दोन मोठ्या बॅगा आहेत. कंपनीच्या बसने कोणी गेलंय का? ती व्हेनिसमध्ये कुठून सुटते?