वळ घासण्याने उठतो, खाण्याने नाही

ताई, नखाने रेघ ओढली की पाच-दहा मिनिटांत लाल, फुगीर वळ उठतो आणि अर्ध्या तासात जिरतो, हे तुम्ही पोस्टमध्ये केलेलं लेकीचं वर्णन डर्मोग्राफिझमशी, म्हणजे घासल्यावर अंगावर पित्तासारखे वळ उठण्याशी, जुळतं. मलाही कॉलेजपासून तेच आहे. त्वचेतल्या मास्ट पेशी (ॲलर्जीत काम करणाऱ्या पेशी) नुसत्या घासण्यानेही हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि तिथली कातडी फुगते. शंभरात दोन ते पाच जणांना असं होतं. अनेकांना खाजही येत नाही, मग औषधाची गरजच नसते.

वरच्या प्रतिक्रियांत कुणी ‘रक्त अशुद्ध आहे’ असं म्हटलंय, ते साफ चूक. हे संसर्गजन्यही नाही. आमसुलाचं पाणी गार वाटत असेल तर खुशाल लावा, पण पित्ताचं पथ्य म्हणून वाढत्या मुलीचं दूध, अंडी, वांगं बंद करू नका, ही कळकळीची विनंती. त्यापेक्षा कडकडीत पाण्याची आंघोळ, खरखरीत टॉवेल, घट्ट इलॅस्टिक टाळा. कोरडी त्वचा जास्त खाजते, म्हणून आंघोळीनंतर मॉइश्चरायझर. खाज झोपू देत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ सेटिरिझिनसारखी ॲलर्जीवरची गोळी देतात. मुलांचा डोस त्यांनाच ठरवू द्या.

शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा. हे वळ मारल्यासारखे दिसतात आणि पोरीला नको ते प्रश्न विचारले जातात.

वळ दिवसभर टिकला किंवा डाग ठेवून गेला तर पुन्हा दाखवा. ओठ-पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर थेट हॉस्पिटल.