बुलेट 350 (1979): सकाळी क्लच सुटत नाही, घाटात क्लच धरत नाही

पसरणीची बुलेटवाली

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची. 1979 ची बुलेट, बिडाचा ब्लॉक, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. बाबा आता मागे बसतात आणि सूचना देतात. मी पाचगणीला शाळेत शिकवते, रोज वाईहून पसरणी घाटाने वर जाते. अंतर जेमतेम 12 किलोमीटर, पण सगळा चढ.

दुखणी दोन आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट, म्हणून डोकं चालेना.

सकाळी गाडी गार असताना क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला की खाडकन आवाज येतो, गाडी हातभर पुढे उडी मारते. एकदा दारातली तुळस थोडक्यात वाचली. गिअरमध्ये उभी असताना न्यूट्रल सापडतच नाही, टाचेच्या न्यूट्रल लिव्हरवरही उभं राहावं लागतं.

आणि घाटात अर्ध्यावर गेलं की नेमकं उलटं. तिसऱ्यात अ‍ॅक्सिलेटर पिळला की इंजिन बोंबलतं, गाडी आहे तिथेच. मागून येणाऱ्या एसटीवाल्याने परवा हॉर्नने माझं सगळं खानदान काढलं.

आमच्याकडच्या मेकॅनिकने दोन महिन्यांत तीनदा क्लच वायर आवळून दिली. आवळली की चार दिवस सकाळची उडी कमी होते, मग परत. आता तो म्हणतो, क्लचच्या प्लेटा गेल्या, पूर्ण सेट बदला. प्लेटा खरंच गेल्या असतील तर बदलीन, पण गार असताना चिकटणाऱ्या प्लेटा गरम झाल्यावर घसरतात कशा, हे त्याला सांगता येत नाही. मलाही नाही.

नाशिककर रायडर

ताई, जास्त विचार करू नका, प्लेटा आणि स्प्रिंगा दोन्ही नव्या टाका. इतक्या जुन्या गाडीत काय शोधत बसायचं. माझ्या मित्राने तेच केलं, मोकळा झाला.

उद्यमनगरचा टर्नर

नाशिककर, मित्राची गाडी मित्राला ठेवा.

पोरी, तुझ्या गाडीला दोन रोग आहेत आणि दुसरा रोग पहिल्याच्या औषधाने झालाय. मी कोल्हापुरात लेथवर उभं राहून जन्म घालवला, बुलेटचे क्लच ड्रम, म्हणजे प्लेटा बसतात ते डबे, ढिगाने पाहिलेत. आधी पाना उचलू नको, नुसती किक मार.

गाडी बंद, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबलेला. आता किक हलक्या हाताने खाली ने. या गाडीची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनापर्यंत जाते. क्लच नीट सुटत असेल तर किक फुकट खाली जाईल, कॉम्प्रेशन लागणार नाही. लागलं तर प्लेटा एकमेकींना सोडत नाहीयेत. ही झाली सकाळची परीक्षा. मग घाट चढून गाडी गरम झाली की बंद कर आणि क्लच सोडून किक मार. पाय खाली गेला पण इंजिन फिरलंच नाही, किक घसरली, तर क्लच धरत नाही.

आणि आत्ताच्या आत्ता क्लच लिव्हरच्या टोकाला बोटाने हलवून बघ, किती मोकळी हलते ते सांग.

पसरणीची बुलेटवाली

काका, दोन्ही केलं. सकाळी क्लच दाबूनही किकला पूर्ण कॉम्प्रेशन. घाट चढून गरम असताना दोनदा किक सटकली. लिव्हर मोकळी हलतच नाही, पहिल्या मिलिमीटरपासून ताण.

उद्यमनगरचा टर्नर

मग झालं. सापडलं.

बुलेटचा क्लच डावीकडे, पण त्याला ढकलणारी दांडी उजवीकडून, गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या पोटातून जाते. लिव्हरला 2-3 मि.मी. मोकळी हालचाल पाहिजेच. ती शून्य झाली म्हणजे दांडी प्रेशर प्लेटला, स्प्रिंगांच्या जोराने बाकी प्लेटा दाबून धरणाऱ्या प्लेटला, कायम टेकून बसली. तू क्लचला हात लावलेला नसतानाही स्प्रिंगांचा थोडा जोर दांडीच खाते. सपाटीला कळत नाही. चढाला इंजिनाने जोर लावला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की आणखी घसरतात. तुझा घाटातला रोग तो. वायर आवळून आवळून झालेला.

मूळ रोग सकाळचा. त्याला वायरीने औषध नाही. डावं चेन कव्हर उघड. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागेल, कव्हर मधल्या एकाच नटवर आहे. खाली परात ठेव, ऑइल येणार. प्लेटा काढून क्लच ड्रमच्या खाचांच्या कडांवरून नख फिरव. नख अडकलं तर प्लेटांच्या कानांनी, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडेच्या टोकांनी, ड्रमला खड्डे पाडलेत. क्लच दाबला की प्लेट बाजूला सरकायच्या ऐवजी त्या खड्ड्यात अडकते. लोखंडी प्लेटा एकेक करून काचेवर ठेव, पलीकडे बॅटरी धर, उजेड दिसला तर प्लेट वाकडी.

दोन चाकी डोकं

काकांच्या वर काही बोलत नाही, फक्त ऑइल विचारतो. चेन कव्हरमध्ये काय आहे? हल्लीच्या कारसाठी मिळणाऱ्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या, म्हणजे ऑइलात चालणाऱ्या क्लचला चालत नाहीत. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा. मी पुण्यात एकदा कारचं उरलेलं ऑइल ‘वाया कशाला घालवा’ म्हणून ओतलं होतं. वाया काय गेलं ते विचारू नका.

पसरणीची बुलेटवाली

रविवारी उघडलं. बाबा खुर्ची टाकून शेजारी. कव्हरचा नट सुटेना तेव्हा त्यांनी चहा सांगितला.

ऑइल काळं पण वास जळका नाही. कुठलं होतं ते मेकॅनिकला आठवत नाही, त्यामुळे दोन चाकी डोकं यांचं ऐकून सगळं काढून टाकलं. ड्रमच्या प्रत्येक खाचेत एका बाजूला चार बारीक खड्डे, नख टकटक अडकत जातं, फणीवरून फिरवल्यासारखं. लोखंडी प्लेटा सपाट, उजेड नाही. अस्तराच्या प्लेटा जाड आहेत, फक्त काचेसारख्या चकाकतायत.

म्हणजे सेट न बदलता भागेल का? आणि कानस मी मारू की ड्रम नवा घेऊ?

उद्यमनगरचा टर्नर

नखाला लागतील एवढेच असतील तर मार कानस. बारीक दातांची, चपटी. खड्डे जातील एवढंच घासायचं, वर एक हातही नाही. आणि सगळ्या खाचा सारख्या घास. एकच जास्त खाल्लीस तर जोर उरलेल्यांवर येईल. चूर्ण आत राहू देऊ नको, डिझेलने धू. अस्तराची चकाकी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलकेच उतरव, जाडी कमी करायची नाहीये. बसवल्यावर कव्हर लावायच्या आधी कुणाला तरी क्लच दाबायला सांग आणि किक हाताने फिरव. प्रेशर प्लेट डुलत फिरली तर स्प्रिंगांचे स्क्रू कमीजास्त आवळलेत.

आता वायर. लिव्हरकडचा आणि खालचा अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला कर. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचं छोटं झाकण काढ, आत स्क्रू आणि लॉकनट. स्क्रू दांडीला टेकेपर्यंत आत, मग अर्धा आटा मागे, लॉकनट पक्का. मग वायरीने लिव्हरला 2-3 मि.मी. हा क्रम उलटा करायचा नाही. ऑइल गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून लेव्हल स्क्रूमधून थेंब यायला लागेपर्यंतच.

पसरणीची बुलेटवाली

दोन संध्याकाळी घासण्यात गेल्या. बाबांनी एक खाच स्वतः घासली आणि ती माझ्यापेक्षा बरी झाली, हे तीनदा सांगून झालंय.

सकाळी क्लच दाबून किक मारली तर पाय जवळपास फुकट खाली गेला. पहिला पडताना टक् एवढाच आवाज. घाट सहा दिवस चढले, एकदाही घसरला नाही, शनिवारी तर मागे बाबा होते. खर्च: ऑइल, पॉलिश पेपर आणि एक नवी क्लच वायर, कारण जुनीचे दोन धागे निप्पलपाशी तुटलेले निघाले.

एकच शंका. बसवताना लिव्हरला 3 मि.मी. ठेवलेले, आज 2 च भरले. पुन्हा उघडू का?

उद्यमनगरचा टर्नर

नको. प्लेटा बसतात तसा प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, कमी होतो, नवी वायर ताणते तसा वाढतो. महिनाभर नुसती बघत जा. 2 च्या खाली गेला तर वायर ढिली कर. आवळायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

नाशिककर रायडर

काका, माझ्या मित्राची गाडी परत सकाळी उडी मारते म्हणतोय. ड्रम बघायला सांगू?

उद्यमनगरचा टर्नर

आधी किक मारायला सांग.