पालकांचा सहभाग म्हणजे बिनपगारी बदली शिक्षकाची नेमणूक नव्हे

सहा_दहाची_लोकल (चर्चेचा प्रस्ताव)

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात पुन्हा भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली जे चालले त्याची चर्चा आपण मोबाइल, रेंज आणि डेटा पॅक यांच्या भाषेत भरपूर केली. घरातील मोठ्या माणसावर जे काम येऊन पडले त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. माझे म्हणणे असे आहे की ऑनलाइन शाळेने पालकाला शिक्षणात सहभागी करून घेतले नाही, तर बदली शिक्षक म्हणून कामाला लावले, आणि वर्ग पूर्ववत भरू लागल्यावरही त्याला त्या कामातून मोकळे केलेले नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक वेळ नसावा आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे असावीत, अशी त्यांत शिफारस होती. लहान मुलांचा पडद्यासमोरचा वेळ मर्यादित ठेवण्याचा हेतू योग्यच होता. परंतु एरवी पाच तास भरणाऱ्या शाळेतील दीड तास पडद्यावर झाला, तर उरलेल्या साडेतीन तासांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. ते तास घरी आले. शुद्धलेखन तपासणे, पाढे म्हणून घेणे, वहीच्या पानांचे फोटो काढून वर्गाच्या गटावर टाकणे आणि ‘तुमच्या पाल्याचा स्वाध्याय अद्याप मिळालेला नाही’ या संदेशाला उत्तर देणे, ही सारी कामे घरातल्या कोणाची तरी, बहुतेक ठिकाणी आईची, झाली.

यातील खरा धोका श्रमाचा नाही, विषमतेचा आहे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत जवळपास तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत असल्याचे आढळले. हा आकडा फार कौतुकाने सांगितला गेला. त्याच पाहणीत असेही दिसले होते की ज्यांच्या आईवडिलांचे शिक्षण नववी किंवा त्यापुढे झालेले आहे अशा दहापैकी जवळपास नऊ मुलांना मदत मिळत होती, तर आईवडील पाचवीच्या पुढे न गेलेल्या मुलांत हे प्रमाण निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. अभ्यास घराच्या स्वाधीन केला की घराचे शिक्षण मुलाच्या पदरात जसेच्या तसे उतरते. ते तसे उतरू नये यासाठी तर सार्वजनिक शाळा असते.

पालकांना स्थान द्यायचेच असेल तर ते कायद्याने दिलेले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. खासगी शाळांत शुल्क ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला राज्याच्या २०११ च्या कायद्याने अधिकार दिला आहे. या जागा बहुतेक वेळा सह्या गोळा करण्यापुरत्या वापरायच्या आणि रात्री आठ वाजता ‘उद्या पवनचक्कीची प्रतिकृती आणावी’ असा निरोप पाठवून पालकांच्या सहभागाबद्दल समाधान मानायचे, याला माझा विरोध आहे.

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो आणि आपला प्रस्ताव मला बहुतांशी शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या अनुभवावर बेतलेला वाटतो. पवनचक्कीची प्रतिकृती आमच्या वाडीत कोणी कोणाकडे मागत नाही. आमच्याकडचा प्रश्न नेमका उलटा होता: २०२० पूर्वी पालक शाळेत यायचे ते दाखला, शिष्यवृत्तीचे कागद किंवा आधारची दुरुस्ती यांच्यासाठी. मूल काय शिकते याविषयी बोलायला येणारे पालक अपवादात्मकच होते. टाळेबंदीत आम्ही ओट्यावर, देवळाच्या पायरीवर मुले बसवू लागलो, आणि शिकवताना कडेला उभ्या असलेल्या आयांनी आपले मूल कुठे अडते हे प्रथमच पाहिले.

‘सहभाग म्हणजे शिकवणे’ हे समीकरण आपणच मांडले आणि आपणच खोडले. शासनाने २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबवले, त्यात वस्तीवस्तीवर माता पालक गट तयार झाले. पहिलीत येणाऱ्या मुलाबरोबर घरी करायच्या कृती त्यांना दिल्या जात: धान्य-कडधान्य वेगळे करणे, भाजी निवडताना मोजणे, चित्र पाहून गोष्ट सांगणे. चौथीतून शाळा सुटलेली आई हे सारे करू शकते, आणि आमच्या वाडीत तिने ते केले. त्याआधी, २०२० च्या जुलैत, सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिकाही पाठ शिकवण्यापेक्षा घरातल्या माणसांसोबत करायच्या कृतींवर उभी होती. यांपैकी कशालाही बदली शिक्षकाची नेमणूक म्हणता येणार नाही.

शिवाय एक कडवट गोष्ट सांगतो. निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, पोर्टलवर भरायची माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या आणि घराने फक्त समितीच्या बैठकीत बसून आमच्यावर देखरेख करायची, ही कामाची वाटणी आपल्याला न्याय्य वाटत असेल, तर ती कागदावर तरी स्पष्ट लिहावी.

दुपारपाळी

गुरुजींचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यांनी दिलेल्या उदाहरणातच माझी हरकत दडलेली आहे. गटाचे नाव ‘माता पालक गट’ असे का आहे? मी चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. दुपारी अडीच ते रात्री अकरा या पाळीच्या आठवड्यात मला माझी मुलगी जागी दिसते ती फक्त सकाळी, शाळेत जाण्याच्या गडबडीत. तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर बहुतेक सगळ्या आया आहेत. पालकांचा सहभाग म्हणून जे काही राबवले जाते ते अखेरीस बाईच्या दिवसातून कापून घेतलेल्या वेळावर चालते, मग ते काम पाढ्यांचे असो वा कडधान्य निवडण्याचे. माझ्या बायकोलाही नोकरी आहे, हे शाळेच्या वेळापत्रकाला अजून ठाऊक नाही.

ऑनलाइन शाळेने एक चांगली गोष्ट केली होती, ती म्हणजे रात्री नऊ वाजता झालेली पालकसभा. तिला मी हजर राहू शकलो होतो. शाळा सुरू होताच सभा पुन्हा कामाच्या दिवशी सकाळी अकराला भरू लागली. म्हणजे तंत्रज्ञानातून पालकावर पडणारा भार राहिला आणि पालकाची सोय मात्र गेली.

पाचट

वरील तिन्ही मते घरात पालक आहे हे गृहीत धरून मांडली गेली आहेत. बीड जिल्ह्यातील आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. काही मुले टोळीबरोबर उसाच्या फडावर जातात. जी मागे राहतात ती आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहतात. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो मुकादमाशी, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाशी, बोलायला बापाबरोबर जातो. पालकांच्या मदतीवर उभी राहिलेली कोणतीही योजना या मुलांसाठी पहिल्या दिवसापासून बंद असते, आणि येथे मी प्रस्तावाच्या बाजूने उभा आहे.

परंतु प्रस्तावातील उपायही आमच्या कामाचा नाही. व्यवस्थापन समितीत ज्यांची नावे आहेत ते पालक सहा महिने जिल्ह्यातच नसतात. उलट फोनचा खरा उपयोग येथे होऊ शकतो: समितीची बैठक फोनवर घेता येईल आणि शिक्षकाने महिन्यातून एकदा फडावरच्या आईला मूल काय वाचू लागले एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल. त्यासाठी ॲप लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

हडसनकाठचा

मी थोडे वेगळे सुचवू इच्छितो. उत्तर अमेरिकेतील मराठी शाळा चालवतात ते बहुतांश पालकच. आम्ही अभियंते, लेखापाल, गृहिणी आहोत; टाळेबंदीत आम्ही हे वर्ग ऑनलाइन नेले आणि दूर राहणारी जी कुटुंबे पूर्वी येऊ शकत नव्हती तीही सामील झाली. पालकाने शिकवले की मुलाला भाषेविषयी आस्था वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा पालकाच्या शिकवण्याकडे केवळ लादलेला भार म्हणून पाहू नये.

दुपारपाळी

ती आपण स्वेच्छेने चालवलेली सुट्टीच्या दिवसाची शाळा आहे. सोमवारी सकाळी त्याच मुलांना गणित शिकवायला पगारी शिक्षक असतो. आमच्याकडे वाद सोमवारचा आहे.

सहा_दहाची_लोकल

गुरुजींनी दिलेली दोन्ही उदाहरणे मला मान्य आहेत, आणि ती माझ्या प्रस्तावाला बळच देतात. भाजी निवडताना मोजणे हे अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे काम नव्हते. त्याचा फोटो कोणी मागितला नाही आणि न केल्याबद्दल मुलाला कोणी उभे केले नाही. ऑनलाइन वर्गांतून जी सवय उरली आहे ती याच्या नेमकी विरुद्ध आहे. शाळेत अर्धवट राहिलेला धडा घरी पुरा होतो आणि त्याची जबाबदारी मुलापेक्षा पालकावर येते. शाळा बंद असताना घरांनी किती ओढून नेले याचा निकालही समोर आहे: तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे ग्रामीण भारतातील प्रमाण ‘असर’नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. पालकांनी कसूर केली असे मी म्हणत नाही. शिक्षकाचे काम शिक्षकाशिवाय होत नाही, इतकेच म्हणते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. घरी दिलेला अभ्यास मोठ्या माणसाच्या मदतीवाचून आणि फोनवाचून मुलाला एकट्याने पुरा करता आला पाहिजे. तसा करता येत नसेल तर तो देऊ नये. ज्या काळात सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी कामगारवस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, त्या काळातही मूल स्वतः भिंतीपाशी जाऊन शिकू शकत होते. साधन स्वस्त की महाग, ऑनलाइन की ऑफलाइन, यापेक्षा ते कोणाच्या हाती दिले हे मला महत्त्वाचे वाटते.

दुपारपाळी यांची रात्रीच्या सभेची आणि पाचट यांची फोनवरील बैठकीची सूचना मी माझ्या मुलाच्या शाळेत लेखी देणार आहे.

खडू_फळा

आपल्या मागणीतील अट मला मान्य नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला रोज कोणीतरी गोष्ट ऐकवावी, त्याचे अडखळत केलेले वाचन कान देऊन ऐकावे, हा अभ्यास मोठ्या माणसावाचून होतच नाही, आणि वाचता येण्यासाठी यासारखा उपाय माझ्या पाहण्यात नाही. ऐकणाऱ्याला स्वतःला अक्षर येत नसले तरी चालते. आपल्या नियमात हे बसत नसेल तर मी नियम मोडेन.

फोटो मागणे मात्र मी माझ्यापुरते बंद केले आहे, कारण ते तपासायला मलाही वेळ नसतो. पाचट यांनी म्हटलेली दहा मिनिटे वेगळी मागायचीही गरज नाही, कारण पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार माझे कर्तव्यच आहे. टोळीवर गेलेल्या पालकांचे चालू नंबर शाळेकडे नसतात, ही खरी अडचण आहे. ते मुकादमाकडून कसे मिळवावेत, याचा अनुभव कोणाकडे असल्यास येथे लिहावा.

पाचट

मुकादमाकडून मागू नका, तो देत नाही. टोळी निघण्याआधी हंगामी वसतिगृहाच्या यादीसाठी पालकांची सही घेतली जाते, त्याच वेळी दोघांचेही नंबर आणि टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार आहे हे लिहून घ्यावे. फोन रात्री आठनंतर करावा, त्याआधी माणसे गाडीपाशी असतात.