‘टीसीएम गेला’ म्हणाले की लगेच साठ हजार मोजायचे का?

इंदिरानगरकर
काल इथे एका काकांनी लिहिलं: ऑटोमॅटिक गाडी लिंप मोडमध्ये गेली (बिघाड दिसला की गाडी स्वतःला वाचवायला ताकद आणि गिअर मर्यादित करते), वर्कशॉपने टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर (ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल), खराब सांगितला, तर वाद न घालता नवा टाका, बाहेरच्या पोरांच्या नादी लागू नका. त्याखाली ‘बरोबर काका, इलेक्ट्रॉनिक्सशी खेळ नको’ असे प्रतिसाद वाचले आणि राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

काका, तुम्ही टाकलेल्या एस्टिमेटच्या फोटोत स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड एकच आहे, पी०७००. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये येतो आणि एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवली आहे. ती तक्रार कोणती, ते टीसीएममध्ये शिरून वाचावं लागतं. तिथे पी०७१५ असेल तर इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. पी०७५० असेल तर शिफ्ट सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणारा विजेचा व्हॉल्व्ह. पी०६१३ निघाला, प्रोसेसरचा, तर मॉड्यूलवर बोट ठेवा, माझी हरकत नाही. पण तो दुसरा कोड तुमच्या कागदावर आहेच कुठे? जो तक्रार नोंदवतोय त्यालाच मेलेला ठरवून मोकळे झाले!

यू०१०१ आला असता, म्हणजे टीसीएमशी बोलणंच होत नाही असं असतं, तरीही आधी फ्यूज, मग कनेक्टरवर येणारा सप्लाय आणि अर्थिंग. बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा. साठ ओहमच्या आसपास हवा. एकशेवीस दाखवला तर लाइन कुठेतरी तुटली आहे. या सगळ्याला अर्धा दिवस आणि एक मल्टिमीटर लागतो.

माझ्या एएमटीचा (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन टाकतं) गिअर मुंबई नाक्याच्या सिग्नलला पडेनासा झाला. मागे बसवाला हॉर्न वाजवतोय, शेजारी आई बसलेली, आणि डिस्प्लेवर एन लुकलुकतोय. वर्कशॉपने टीसीएमचं साठ हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं. सातपूरच्या एका इलेक्ट्रिशियनने सेल मारताना व्होल्टेज बघितलं, ते नऊच्या खाली जात होतं. बॅटरी ट्रेखालची अर्थिंगची पट्टी हिरवी पडलेली. पट्टी घासली, बॅटरी बदलली, क्लचचं लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला शिकवणं) परत केलं. गाडी आजही त्याच टीसीएमवर आहे.

अंबडचा_अ‍ॅडव्हायझर
साहेब, मी काउंटरच्या पलीकडे बसतो, म्हणून सांगतो. तुमचं अर्थिंगवर निभावलं, चांगलं झालं. पण प्रत्येक गाडीचं दुखणं तेच नसतं. बोर्डावरचा सोल्डर जॉइंट तडकलेला असतो, गाडी तापली की सुटतो, गार झाली की चिकटतो. तुमचा मल्टिमीटर सकाळी सगळं ठीक दाखवणार आणि तीच गाडी दुपारी पाथर्डी फाट्यावर बंद पडणार. मग शिव्या कोणाला? आम्हाला.

तपासणीची मजुरी लावली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘नुसतं बघायचे दोन हजार?’ आणि पार्ट बदलला की म्हणतं, ‘नीट बघितलं नाही.’ दोन्ही बाजूंनी आम्हीच.

बाहेरच्या दुकानांचंही सांगतो. कुर्ल्याहून जुना टीसीएम आणून बसवलेली गाडी आमच्याकडे टो होऊन आली. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल चासी नंबरला बांधलेलं असतं, कोडिंग केल्याशिवाय ते काम करत नाही. त्या गाडीचं कोडिंग कसंबसं केलं होतं, क्लचचं लर्निंग केलंच नव्हतं. क्लच जळून गेला. वाचवलेले पैसे क्लचमध्ये गेले.

देवळालीकर
दोघेही उंदीर विसरलात. पावसाळ्यात आमच्याकडे बोनेटखाली संसार मांडतात. माझ्या गाडीत स्पीड सेन्सरची वायर कुरतडली होती, आणि टीसीएम ऑर्डर करायची तयारी झाली होती! गाडी लिफ्टवर घेऊन हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघायला कोणाला वेळ नव्हता.

तिसरा_गिअर
मुळात ऑटोमॅटिक घेताच कशाला? आठवड्याला कसारा घाट चढणाऱ्या माणसाने तर अजिबात घेऊ नये. ट्रकच्या मागे चढावर एएमटी कशी धापा टाकते ते बघितलंय. मी वीस वर्षं मॅन्युअल चालवतोय. ना टीसीएम, ना लर्निंग.

मृण्मयी_सिडको
दादा, माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाखवा मग त्या गुडघ्याने. ऑटोमॅटिक आली म्हणून मी परत गाडी चालवू लागले. ‘घेताच कशाला’ हे दुसऱ्याचं शरीर न बघता बोलू नये.

तिसरा_गिअर
ताई, तुमचं वेगळं. मी धडधाकट पोरांबद्दल बोलत होतो.

घाटवाटा
धडधाकट पोरंही नीट चालवली तर घाटात गाडी जाळत नाहीत. चढावर ट्रॅफिक थांबला की लोक ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. एएमटी असो की ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक), तिथे क्लच घसरत राहतो आणि तापतो. ब्रेक दाबा, पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या, मग एकदम निघा. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांना (तिथे निघताना क्लचऐवजी तेलातून ताकद पोचते) हा त्रास बराच कमी. क्लच तापल्यावर गाडी स्वतःला वाचवायला गिअर सोडून देते, आणि तोच प्रसंग पुढे वर्कशॉपमध्ये ‘मॉड्यूल गेला’ होऊन बसतो.

तिसरा_गिअर
म्हणजे मान्य करताय ना, की घाटात ऑटोमॅटिकला सांभाळून घ्यावं लागतं? माझं तेच म्हणणं आहे.

पंचवटीतला
अरे पण आता कसाऱ्याने जातंय कोण? ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून थेट आमण्यापर्यंत सुरू आहे. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, चढाची भानगडच नाही.

तिसरा_गिअर
टोल तुम्ही भरणार का? आणि आमण्याला उतरल्यावर भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा तेच रांगणं. वेळ वाचला तो तिथे गेला.

पंचवटीतला
घाटात एकदा कंटेनर आडवा झाला की तासन्‌तास जातात, त्याचा हिशोब कोण करणार? माझ्या भाच्याचा इंटरव्ह्यू त्यात बुडाला. टोल परवडला!

देवळालीकर
ज्यांना रोज अप-डाउन आहे त्यांना दोन्ही बाजूंचा टोल नाही परवडत. तुम्ही महिन्याने एकदा जाता म्हणून बोलता.

पंचवटीतला
मी किती वेळा जातो ते तुम्हाला काय माहीत? उगाच अंगावर येऊ नका.

इंदिरानगरकर
टोलचं भांडण दुसरीकडे करा, हात जोडतो. अ‍ॅडव्हायझर साहेब, गरम झाल्यावर सुटणारा जॉइंट, मान्य. मग तसं लिहून द्या: गाडी तापवून इतक्या वेळाने हा कोड आला, तेव्हा सप्लाय इतका होता, अर्थिंग ठीक होतं. एवढ्या चार ओळी असतील तर मी स्वतः म्हणेन, बदला. चार ओळी न लिहिता साठ हजार मागणं, याला माझा विरोध आहे. तपासणीची मजुरी मागा ना, देऊ आम्ही.

मृण्मयी_सिडको
आणि बाहेरच्या मेकॅनिककडे कंपनीचा स्कॅनर आणि माहिती नसते, हा दोष मेकॅनिकचा नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला तो याच कारणाने. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्या, असा आदेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं पोर्टलही सुरू केलं.

अंबडचा_अ‍ॅडव्हायझर
ताई, आदेश मी पण वाचलाय. कोडिंगचा पासवर्ड मात्र आजही ऑनलाइन कंपनीच्या सर्व्हरवरूनच येतो. इथे बसून मी तो कोणाला देऊ शकत नाही.

मृण्मयी_सिडको
तुम्हाला कोण म्हणतंय द्या? कंपनीने द्यावा. आणि ग्राहकाला माहीत असावं की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही. चांगला पार्ट काढून नवा विकला असेल तर दाद मागता येते. त्यासाठी जुना पार्ट आणि कोडची प्रिंट हातात हवी.

जुना_गंगापूर_नाका
मीच तो काका. बाहेरच्या गॅरेजने आमच्या आधीच्या गाडीचं वायरिंग कापून ठेवलं होतं आणि त्यामुळे वॉरंटी गेली, म्हणून तसं लिहिलं. ते मत बदललेलं नाही. पण पी०७०० चं कोणी मला सांगितलं नव्हतं, हेही खरं. अ‍ॅडव्हायझर, मला टीसीएममधल्या कोडची प्रिंट मिळेल का?

अंबडचा_अ‍ॅडव्हायझर
मिळायला हवी. स्कॅनरमधून रिपोर्ट निघतो, त्यात प्रत्येक मॉड्यूलचे कोड वेगवेगळे असतात. नाही म्हणाले तर वर्क्स मॅनेजरला भेटा. वॉरंटीतला पार्ट कंपनीला परत जातो, पण तुम्ही रोख पैसे मोजणार असाल तर जुना मॉड्यूल मागून घ्या, आणि ते जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या.

इंदिरानगरकर
काका, बॅटरी किती जुनी आहे?

जुना_गंगापूर_नाका
गाडीबरोबर आलेली. पाचवं वर्ष.

इंदिरानगरकर
मग प्रिंटच्या आधी ती तपासून घ्या.

तिसरा_गिअर
बघा, मॅन्युअल असती तर धक्का मारून तरी निघाली असती.