पूर-स्वयंसेवकांची यादी आधार क्रमांकासकट ग्रुपवर कशासाठी?

गोदाकाठ (धागाकर्ता):

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं काय केलं ते इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, बीड-धाराशिवची शेतं मातीसकट वाहून गेली. आमचं गाव गोदावरीच्या काठचं, तालुक्याचं. तो अनुभव ध्यानात घेऊन यंदा नगरपरिषदेनं पावसाळ्याआधीच पूर-स्वयंसेवक नोंदवून घेतले. पोहणारी पोरं, होडी चालवणारे, ट्रॅक्टरवाले, दवाखान्यात काम केलेल्या बायका, सगळ्यांनी आपणहून नावं दिली. काम चांगलं आहे आणि मी स्वतः त्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

फॉर्मसोबत आधारची झेरॉक्स मागितली, फोटो मागितला, रक्तगट, जन्मतारीख, घरचा पत्ता, घरातल्या आणखी एकाचा मोबाईल, आणि भत्ता जमा करायला पासबुकाची झेरॉक्स. लोकांनी दिलं सगळं. मग हे एक्सेलमध्ये भरलं गेलं आणि त्याची पीडीएफ, एकही रकाना न गाळता, प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. तिथून ती दुसऱ्या ग्रुपांवर गेली. आज ती बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराच्या मोबाईलमध्ये सापडते. माझ्या भाचीला वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच एका पक्षाच्या कार्यकर्त्याचा शुभेच्छांचा फोटो आला, त्यात तिचं पूर्ण नाव. त्यानं कधी तिला पाहिलेलं नाही. जन्मतारीख फक्त त्या फॉर्मवर होती.

यादी टाकणाऱ्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण पाणी चढलं की माझं नाव, नंबर, प्रभाग आणि मला काय काम येतं, एवढंच लागतं. आधार आणि बँक खातं लेखा विभागाच्या कपाटात राहू द्या. तिथून ते चौकात यायचं कारण काय? तुमच्या गावी कसं चालतं तेही सांगा.

औंढ्याचे काका:

भाऊ, राग मानू नका, पण हे मला पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हललं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. आम्ही ट्रकमध्ये बसून गेलो. कुणी फॉर्म भरला नाही, कुणी नाव विचारलं नाही. मदतीला जायचं म्हणजे अंगावर घेऊन जायचं. आज नंबर द्यायला माणूस कचरतोय, उद्या पाण्यात उतरेल का? माझं तर म्हणणं, नंबर गल्लीगल्लीत भिंतीवर लिहा. रात्री दोन वाजता घरात पाणी शिरलं तर म्हातारी बाई नगरपरिषदेच्या कपाटाची किल्ली कुठं शोधत बसेल?

सिस्टर, परभणी:

काका, तुमच्या पिढीनं किल्लारीत जे केलं त्याला नमस्कारच आहे. पण तिथं तुमचं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं हे तुम्हीच लिहिलंत. इथं नाव, वय, घराचा पत्ता, सगळं विचारलं आणि वाटून टाकलं.

मी २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकात होते. एका आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर गावातले दोन स्वयंसेवक असायचे. आमच्या पथकाची यादी अशीच फिरली. माझ्याबरोबर एक मुलगी होती, बीएस्सीला. तिला रात्री अकरानंतर फोन यायला लागले. आधी नुसते ‘कोण बोलतंय’, मग पुढचं. तिच्या वडिलांनी नंबर बदलून दिला आणि तिला पथकातून काढून घेतलं. हुशार पोरगी, ऑक्सिमीटरचं रीडिंग माझ्यापेक्षा नीट लिहायची. त्यानंतर ती कुठल्याच कामाला आली नाही. घरच्यांनी येऊ दिलं नाही. नुकसान कुणाचं झालं, सांगा? बायका नावं देत नाहीत अशी तक्रार आपणच करतो.

ट्रॅक्टरवाला गंगाखेड:

मला तर उलटं वाटायलंय. माझा नंबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच पेंट केलेला हाय. कुणीबी लावा. मागच्या पावसाळ्यात लोकं रात्रभर फोन करायले होते, गेलो बी. पण आधारचं मातर खरंय. मला बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, आधारचे सगळे आकडे त्यानंच वाचून दाखवले. मग इस्वास बसतोच ना माणसाचा. बायको बाजूला होती म्हणून ओटीपी दिला नाही.

आवक-जावक (निवृत्त, नगरपरिषद सेवा):

मी या खुर्चीवर आयुष्य काढलं आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीची बैठक लागते. त्याआधी वरून तक्ता येतो, ‘आजच माहिती सादर करावी’ म्हणून. त्यात जेवढे रकाने तेवढे भरायचे. एक मोकळा ठेवला तर तक्ता परत येतो आणि मुख्याधिकाऱ्यांना फोन येतो. भत्ता द्यायचा तर लेखापरीक्षणात प्रत्येक नावापुढे ओळखीचा पुरावा आणि खाते क्रमांक दाखवावा लागतो, नाहीतर आक्षेप निघतो आणि वसुली आमच्या पगारातून. म्हणून आम्ही सगळं मागतो. ग्रुपवर टाकलं ते चूकच, त्याचं समर्थन करणार नाही. पण त्या लिपिकाकडे पाणीपट्टी, जन्म-मृत्यू आणि निवडणूक असे तीन टेबल असतात. फाईल एकच असते, ती तो सगळ्यांना पाठवतो. दुसरी बनवायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि ‘काम झाल्यावर माहिती नष्ट करा’ असं पटकन लिहिलं जातं. सरकारी कागद मनाला आलं म्हणून फाडता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, अभिलेखांची वर्गवारी आहे. ‘अ’ वर्ग कायम, ‘ड’ वर्ग थोडक्या मुदतीचा. स्वयंसेवकांचे फॉर्म कुठल्या वर्गात घालायचे हेच ठरलेलं नसलं तर गठ्ठा रुमालात बांधून माळ्यावर जातो. वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

गोदाकाठ:

साहेब, हे सांगितलंत ते बरं झालं. म्हणजे लेखापरीक्षणाला लागतं ते लेखापरीक्षकाला दाखवा, आम्ही कुठं नाही म्हणतोय. माझी हरकत एवढीच, की तीच फाईल सगळ्यांना जाते. एक्सेलमधले चार रकाने उडवून दुसरी प्रत ठेवायला पाच मिनिटं लागतात. ते लिपिकावर सोडू नका, मुख्याधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढावा. तीन टेबलांच्या माणसावर जबाबदारी टाकून वरचे मोकळे होतात, ते मलाही मान्य नाही.

माहिती अधिकार, जालना:

मी इथं सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे.

स्वयंसेवकांची नावं जाहीर असलीच पाहिजेत. चहा-नाष्टा, रेनकोट, लाईफ जॅकेट, टी-शर्ट, डिझेल, या सगळ्याची बिलं स्वयंसेवकांच्या डोक्यांवर निघतात. यादीच झाकली तर त्यात खरी माणसं किती आणि ठेकेदाराचे पाहुणे किती, हे कोण तपासणार? मी एका ठिकाणी हजेरीपट मागितला, तर एकाच हस्ताक्षरातल्या सह्या पानभर. नावं होती म्हणून घरी जाऊन विचारता आलं. त्यातले काहीजण पुण्याला कामाला होते.

आणि काळ कुठला आहे पाहा. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) आधी असं होतं, की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणात विनाकारण घुसखोरी होते, ती नाकारता येते. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते सगळं काढलं. नोव्हेंबर २०२५ पासून नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की दार बंद. आता तुम्ही नगरपरिषदेला ‘आमची माहिती लपवा’ असा अर्ज द्या. उद्या जनमाहिती अधिकारी तोच अर्ज माझ्या तोंडावर ठेवेल.

वकील, संभाजीनगर:

दादांची भीती खरी आहे, पण एक दार अजून उघडं आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) तसंच आहे. जाहीर करण्यातलं सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. पहिल्या अपिलात ते मांडा.

आता मूळ विषय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो नगरपरिषदेविरुद्धही आहे. आधार कायद्याचं कलम २९ आधार क्रमांक असा जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई करतं, आणि ते आजच लागू आहे, कशाची वाट पाहायला नको. धागाकर्त्याच्या प्रकरणात सगळ्यात पक्का मुद्दा हाच.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संस्थांवरची मुख्य बंधनं दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. निव्वळ कागदावरच्या फॉर्मला हा कायदा लागत नाही. तोच फॉर्म एक्सेलमध्ये उतरवला की लागतो. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. एवढा दंड छोट्या नगरपरिषदेला कुणी लावेल असं मला वाटत नाही, पण पत्रात आकडा लिहिलात तर पत्र वाचलं जाईल.

औंढ्याचे काका:

वकीलसाहेब, माझा मुलगा सांगतोय की त्याच कायद्यात आपत्तीच्या वेळी संमती लागत नाही असं कलम आहे. मग एवढा वाद कशाला?

वकील, संभाजीनगर:

काका, मुलगा बरोबर सांगतोय, कलम ७. आपत्तीत माणसाला मदत पोचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरता येते. पण माहिती नीट सांभाळण्याची जबाबदारी त्यानं संपत नाही. आणि इथं तर अजून नदी पात्रातच आहे, यादी मात्र बाजारात पोचली.

कार्यक्रम अधिकारी, रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना), लातूर जिल्हा:

एक गोष्ट सुटतेय. या याद्यांत अकरावी-बारावीची मुलं असतात. आमच्याकडून नगरपरिषद शंभर मुलं मागते, आम्ही यादी देतो. पत्र असतं ‘आपल्या महाविद्यालयातील स्वयंसेवकांची संपूर्ण माहिती’. नवीन कायद्यात अठरा वर्षांखालच्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आमच्याकडे पालकांच्या सह्या असतात त्या शिबिराला पाठवण्यासाठी, नगरपरिषदेच्या यादीसाठी नाही. यंदा मी फक्त संख्या आणि माझा स्वतःचा नंबर पाठवला. फोन आला, वाद झाला, शेवटी चाललं. मुलं हवी असतील तर मला फोन करा, मी घेऊन येतो. मुलींचे नंबर तर मी कुणालाच देणार नाही, मग मुख्याधिकारी साहेबांचा फोन येवो की कलेक्टर ऑफिसचा.

माहिती अधिकार, जालना:

सर, मुलांचं मान्य. पण ‘माझा एकट्याचा नंबर घ्या’ हीच पद्धत ठेकेदारही वापरतो. मग हजेरी कशी तपासायची?

सिस्टर, परभणी:

दादा, नाव आणि प्रभाग जाहीर करा, मी आडवी येणार नाही. माझं नाव नगरपरिषदेच्या फलकावर लागलं तर मला अभिमानच वाटेल. तुम्हाला घरी जाऊन विचारायचंय तर नाव-प्रभागावरून गावात कुणीही घर दाखवेल. त्यासाठी माझी जन्मतारीख आणि नवऱ्याचा नंबर कशाला पाहिजे?

माहिती अधिकार, जालना:

संभाजीनगर-नांदेडसारख्या शहरात कुणी घर दाखवत नाही, ताई. तिथं एका नावाची दहा माणसं असतात. निदान भत्ता ज्यांना मिळाला त्यांची नावं रकमेसह हवीतच, आणि मागणी केल्यावर कार्यालयात मूळ हजेरीपट बघायला मिळायला हवा. तेवढ्यावरून मी मागे हटणार नाही.

गोदाकाठ:

भत्त्याची रक्कम नावासह जाहीर करायला माझी हरकत नाही. पैसा सार्वजनिक आहे.

मी सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतोय, आवक क्रमांक घेऊनच येणार. त्यात लिहिलंय की ती पीडीएफ ज्या ज्या ग्रुपवर नगरपरिषदेच्या माणसानं टाकली तिथून ती काढावी आणि पुढे पाठवू नये असा संदेश त्याच ग्रुपवर द्यावा. फिरलेली फाईल परत येत नाही हे मला कळतं, पण निदान कार्यालयानं ती आपली चूक म्हणून मान्य करावी. पूर्ण आधारऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालावं. ज्यांना भत्ता नको त्यांच्याकडून पासबुक घेऊ नये. आमच्या गावात बहुतेकांनी भत्ता मागितलेलाच नाही. पूरनियंत्रण कक्षाचा एक नंबर काकांच्या म्हणण्याप्रमाणे गल्लीगल्लीत भिंतीवर रंगवावा आणि तिथल्या माणसाकडे स्वयंसेवकांचे नंबर असावेत. ज्याला स्वतःचा नंबर जाहीर करायचाय त्याच्यासाठी फॉर्मवर वेगळी सही ठेवावी, म्हणजे ट्रॅक्टरवाल्या भावांची पण सोय होईल.

आवक-जावक:

अर्जात ‘फॉर्मचा अभिलेख वर्ग ठरवून द्यावा’ हे जरूर घाला. ते ठरलं की मुदत संपल्यावर लिपिकाला गठ्ठा नष्ट करायचा प्रस्ताव ठेवता येतो. आणि प्रत तहसीलदारांना द्या, तक्त्याचे रकाने तिकडून येतात. नुसतं मुख्याधिकाऱ्यांना दिलंत तर ते म्हणतील वरून आलंय.

औंढ्याचे काका:

कक्षाचा नंबर रात्री उचलला जाईल याची हमी कोण देतं? आमच्याकडे गेल्या पुरात लावला तर नुसती रिंग वाजत होती. शेवटी शेजारच्या पोराला हाक मारली. तो कक्ष चोवीस तास चालणार असेल तर तुमच्या अर्जावर माझी सही घ्या. नाहीतर माझा नंबर भिंतीवर राहू द्या.

गोदाकाठ:

काका, ती अटही घालतो. पाळीनं बसायला आम्ही स्वयंसेवक तयार आहोत, कार्यालयानं खोली आणि फोन द्यावा.