बाँडपट ओळीने पाहताना: ट्रेसीची आठवण या मालिकेने ठेवली आहे का?

लकडीपूल यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या जूनपासून आमच्या घरी दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की एक बाँडपट लावला जातो. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून सुरुवात केली आणि प्रदर्शनाचा क्रम मोडायचा नाही असे ठरवले. पाहणारे आम्ही तिघे. माझ्या वडिलांनी यांतले बरेचसे चित्रपट त्या त्या काळी अलका आणि कॅम्पातल्या वेस्ट एंडमध्ये पाहिलेले आहेत, मी बहुतेक केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिले, आणि माझी अकरावीतली मुलगी डॅनियल क्रेगपासून मागे मागे येत इथवर पोहोचली आहे. त्यामुळे एकाच पडद्यावर आम्हा तिघांना तीन वेगळे बाँड दिसतात आणि चहा गार होईपर्यंत वाद चालतो.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही १९६९ चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' पाहिला. लग्न होऊन निघालेली गाडी रस्त्याकडेला थांबते, बाँड गाडीवरची फुले काढू लागतो, गोळ्या सुटतात, आणि नुकतीच पत्नी झालेल्या ट्रेसीचे डोके मांडीवर घेऊन तो मोटारसायकलवरच्या पोलिसाला सांगतो की ती जरा विसावली आहे, घाई काही नाही, आपल्याजवळ हवा तेवढा वेळ आहे. शेवटी कॅमेरा काचेला पडलेल्या गोळीच्या भोकावर थांबतो. माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. वडिलांनी मात्र लगेच उठून दिवा लावला आणि "पुढचा मजेदार आहे," म्हणाले.

पुढचा, म्हणजे १९७१ चा 'डायमंड्स आर फॉरएव्हर', आम्ही गेल्या शनिवारी पाहिला. सुरुवातीला बाँड ट्रेसीच्या खुनामागच्या खलनायकाला, ब्लोफेल्डला शोधत जगभर फिरतो हे खरे, पण तो हे कोणासाठी करतो आहे याचा उच्चार कोणीही करत नाही. पहिल्या काही मिनिटांतच तो हिशेब मिटल्याचे दाखवले जाते, आणि नंतर हिरे, लास व्हेगास आणि विनोद. मुलीला याचा मनापासून राग आला. वडिलांचे म्हणणे असे की बाँडपट हा दर वेळी नव्याने मांडलेला डाव असतो, मागच्या डावातली पाने हातात धरून बसायचे नसते.

माझा प्रश्न असा की या पंचवीस चित्रपटांत ट्रेसीच्या मृत्यूची आठवण सलगपणे कुठे जपलेली आहे का, की आम्हीच क्रमाने पाहत असल्यामुळे नसलेला धागा शोधतो आहोत? आणि असे चित्रपट परस्परांशी ताडून पाहायचे असतील, तर कोणत्या मापाने पाहावेत?

काटछाट यांचे उत्तर

आपल्या मुलीचा राग अगदी रास्त आहे, आणि त्याचे कारण कादंबऱ्यांच्या क्रमात सापडते. इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांत लग्न आणि ट्रेसीचा मृत्यू १९६३ साली येतो, आणि १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये खचलेला बाँड जपानला जाऊन ब्लोफेल्डचा सूड घेतो. चित्रपटांत हा क्रम उलटला. जपानचा चित्रपट १९६७ मध्ये होऊन गेला आणि लग्नाचा दोन वर्षांनी आला. म्हणजे १९६९ मध्ये ट्रेसी गेली तेव्हा तिच्या सूडाची गोष्ट निर्मात्यांनी आधीच, तीही सूडाचे कारण वगळून, वापरून टाकली होती. आपण क्रमाने पाहिले असल्याने एक गोष्ट खटकली असेलच: १९६७ मध्ये समोरासमोर आलेले बाँड आणि ब्लोफेल्ड १९६९ मध्ये एकमेकांना ओळखत नाहीत. कादंबरीत त्यांची ती पहिलीच भेट आहे, आणि चित्रपटाने कादंबरी प्रामाणिकपणे पाळली.

तरीही धागा आहे. तो बारीक आहे, पण तुटलेला नाही, आणि तो माझ्या लक्षात आला तो मी संकलनाचे काम करतो म्हणून. १९६९ च्या चित्रपटाचे संकलन जॉन ग्लेन यांनी केले होते. ट्रेसीच्या मृत्यूचा तो प्रसंग, कुठला शॉट किती वेळ ठेवायचा, काचेवर किती थांबायचे, हे सारे त्यांच्या टेबलावरून गेले. आता पुढचे पाहा. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'मध्ये कैरोत रशियन हेर आन्या बाँडपुढे त्याचीच माहिती घडाघडा म्हणून दाखवते, आणि लग्न एकदाच झाले, पत्नी मारली गेली, इथे पोहोचताच रॉजर मूर तिला थांबवतो. तेवढ्या एका क्षणापुरता त्याच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा मिस्किलपणा पूर्ण मावळतो. त्या चित्रपटाचे संकलकही ग्लेनच होते. १९८१ चा 'फॉर युअर आइज ओन्ली' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला बाँडपट, आणि तो सुरूच होतो ट्रेसीच्या थडग्यापाशी. १९८९ चा 'लायसन्स टू किल' हा त्यांचा पाचवा आणि शेवटचा. त्यात बाँडचा मित्र फेलिक्स लायटर याच्या लग्नात नवरी बाँडला थट्टेने पुढचा नंबर तुझा असे सुचवते, टिमोथी डाल्टनचा चेहरा उतरतो, आणि तिला काही कळेना तेव्हा फेलिक्स सांगतो की याचेही एकदा लग्न झाले होते, फार पूर्वी.

हे चारही प्रसंग सलग लावून पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९६९ चा बाँड झालेल्या लेझनबीने लग्न केले, मूरने थडग्यावर फुले ठेवली आणि डाल्टनने लग्नमंडपातून मान फिरवली. नट तीन, पण विधुर एकच. आणि 'लायसन्स टू किल'मध्ये त्या नवरीचा त्याच रात्री खून झाल्यावर बाँड नोकरीवर पाणी सोडून ज्या त्वेषाने सूडाला निघतो, तो सूड १९७१ मध्ये यायला हवा होता. अठरा वर्षांनी तो आला, तोही दुसऱ्याच्या बायकोसाठी, असे मी समजतो.

पूर्वरंग यांचे उत्तर

काटछाट यांचे विवेचन मी दोनदा वाचले. ग्लेन यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो पूर्ण नाही. १९६९, १९७७, १९८१ आणि १९८९ या चारही चित्रपटांच्या पटकथांवर रिचर्ड मेबॉम यांचे नाव आहे, आणि ते १९७१ च्या पटकथेवरही आहे. म्हणजे ज्याला सारे आठवत होते तो लेखक तेव्हाही तिथेच होता. मग विसर कोणाला पडला? माझ्या मते तो विसर नव्हता, ती निवड होती. लेझनबी एका चित्रपटानंतर बाजूला झाला, शॉन कॉनरीला परत आणले गेले, आणि त्याच्याबरोबर १९६४ च्या 'गोल्डफिंगर'चे दिग्दर्शक गाय हॅमिल्टन आणि शीर्षकगीताची गायिका शर्ली बॅसी हीदेखील परतली. त्या चित्रपटाला १९६४ आठवायचे होते, १९६९ नव्हे. ट्रेसीवर गोळ्या झाडणाऱ्या इर्मा बुंटचे काम करणारी इल्झे श्टेपाट ही अभिनेत्री प्रदर्शनानंतर काही दिवसांतच वारली, त्यामुळे ते पात्रही पुन्हा दिसले नाही.

पुढच्या वर्षांत ब्लोफेल्डचे नाव घेणेच अवघड होऊन बसले, कारण ब्लोफेल्ड ज्या कथेतून आला त्या 'थंडरबॉल'च्या हक्कांवरून तिचे एक लेखक केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी वाद चालू होता. म्हणूनच १९८१ च्या त्या थडग्याच्या प्रसंगानंतर चाकांच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर पांढरी मांजर घेतलेला टकला माणूस येतो आणि त्याला नावच नसते. पत्नीचे नाव दगडावर कोरलेले आणि मारेकरी बिननावाचा, हा योग मला फार लागतो. ते हक्क २०१३ मध्ये मिटले आणि २०१५ मध्ये ब्लोफेल्ड नाव घेऊन परत आला, पण तोवर २००६ मध्ये पाटी पुसून सारे नव्याने सुरू झालेले होते.

मापाविषयी सांगायचे तर, अख्ख्या चित्रपटासमोर अख्खा चित्रपट ठेवून तुलना होत नाही, हा माझा अनुभव आहे. मूरचा सैल विनोद क्रेगसमोर ठेवला की मूरवर अन्याय होतो. त्याऐवजी एकच प्रसंग घ्यावा. आगगाडीच्या डब्यातली मारामारी घ्या. १९६३ मध्ये कॉनरी आणि रॉबर्ट शॉ, १९७३ आणि १९७७ मध्ये मूर, २०१५ मध्ये क्रेग. १९६३ च्या मारामारीत दिवा फुटून डबा निळसर अंधारात बुडतो आणि दोन धडधाकट माणसांना हात मागे घ्यायलाही जागा उरत नाही. त्या अडचणीतच तिचा सारा जीव आहे. पुढच्या तिन्ही मारामाऱ्या तिच्याकडे वळून पाहत घडलेल्या आहेत. ही मालिका माणसे विसरते, पण प्रसंग विसरत नाही.

रास्तापेठ यांचे उत्तर

वरच्या दोघांनी कथा आणि पडद्यामागची माणसे सांगितली, मी फक्त वस्तू आणि सुरांबद्दल लिहिते. १९६९ च्या चित्रपटात बाँड राजीनामा देऊन टेबलाचा खण रिकामा करतो तो प्रसंग आपण सहज नजरेआड केला असेल, तर पुन्हा पाहा. तो एकेक वस्तू हातात घेतो: 'डॉक्टर नो'मधल्या हनी रायडरचा चाकू, १९६३ च्या चित्रपटातल्या ग्रँटचे गळा आवळायच्या तारेचे घड्याळ, 'थंडरबॉल'मधले पाण्याखाली श्वास घ्यायचे उपकरण. प्रत्येक वस्तूबरोबर त्या त्या चित्रपटाची धून येते. नट नवीन, पण खण जुन्याच माणसाचा.

१९८३ च्या 'ऑक्टोपसी'त हेच वेगळ्या प्रकारे घडते. उदयपूरला उतरलेल्या बाँडला ओळख पटावी म्हणून गारुड्याच्या वेशातला विजय अमृतराज पुंगीवर चक्क बाँडचीच धून वाजवतो. कबीर बेदी आणि लेक पॅलेस यांच्यासाठी आम्ही मैत्रिणींनी तो पाहिला होता, आणि त्या पुंगीला सगळ्या थिएटरने टाळ्या दिल्या होत्या. तेव्हा हा निव्वळ गमतीचा भाग वाटला. आता वाटते की नावे, नट आणि खलनायक बदलत असताना या मालिकेने आपली खूण सुरांत जपली.

आपल्या मुलीला एवढेच सांगा की २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत पोहोचाल तेव्हा सुरुवातीच्या मोटारीतल्या संवादाकडे आणि शेवटच्या श्रेयनामावलीकडे कान ठेवावेत. हान्स झिमर यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटात जॉन बॅरी यांची १९६९ ची चाल आणि लुई आर्मस्ट्राँगचा आवाज परत येतो. त्या जगात ट्रेसी कधी जन्मलेलीच नाही, तिथला बाँड आपल्या मृत प्रेयसीच्या, वेस्परच्या थडग्यापाशी गेलेला आहे. तरीही गाणे ट्रेसीचे आहे. तिने क्रेगचे चित्रपट आधी पाहिले आहेत, म्हणजे ते गाणे तिने एकदा ऐकलेले आहे. आता ती ते ओळखेल.

लकडीपूल यांचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. काल शनिवारी आम्ही ठरलेला क्रम एका प्रसंगापुरता बाजूला ठेवला आणि १९७३ च्या चित्रपटाआधी 'फॉर युअर आइज ओन्ली'ची पहिली काही मिनिटे लावली. वडिलांनी तो चित्रपट थिएटरात पाहिलेला आहे, पण त्यांना आठवत होते ते हेलिकॉप्टर आणि चाकांच्या खुर्चीतला माणूस. त्याच्या आधीचे थडगे त्यांच्या आठवणीत अजिबात नव्हते.

मुलीने चित्र थांबवून दगडावरची अक्षरे वाचली. तेरेसा बाँड, १९४३ ते १९६९, जेम्स बाँडची प्रिय पत्नी, आणि खाली ते वाक्य, आपल्याजवळ हवा तेवढा वेळ आहे. तिने वय काढले, सव्वीस. मग तिच्या लक्षात आले की दगडावरचे साल हे चित्रपटाच्या प्रदर्शनाचेच साल आहे, म्हणजे १९८१ च्या बाँडने बारा वर्षे मोजली ती प्रेक्षकांबरोबरच मोजली. काटछाट यांचा मुद्दा मी तिला वाचून दाखवला तेव्हा १९७७ चा प्रसंगही आत्ताच पाहू असा तिने हट्ट धरला, पण तो त्याच्या शनिवारी पाहायचा असे ठरले.

वडील इतका वेळ गप्प होते. डाव आणि पानांविषयीचे आपले मत त्यांनी मागे घेतले नाही. मात्र १९६९ च्या चित्रपटाची शेवटची पाच मिनिटे पुन्हा लाव, असे त्यांनीच सांगितले. लग्नाची गाडी, फुले, पोलीस, काचेचे भोक. नावे सुरू होताच ती नेहमीची धून मोठ्याने वाजू लागते आणि त्या प्रसंगानंतर ती कानांना सहन होत नाही. तरी या वेळी सगळी नावे सरकून पडदा काळा होईपर्यंत ते दिवा लावायला उठले नाहीत.